खांद्यावरचं फुलपाखरू

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी बाजू घ्यायच्या भानगडीत कोणी पडायला नको.

आमची आई जुनी चित्रं दुरुस्त करते. रंगवत नाही, दुरुस्त करते. हा फरक मी आजवर निदान शंभर लोकांना समजावला असेल, कारण आई चित्रांचं काम करते म्हटलं की लोक लगेच स्वतःचं चित्र काढून मागतात. घराची पुढची खोली हे तिचं कामाचं ठिकाण. मोठी खिडकी, दोन लांब टेबलं, भिंग बसवलेला दिवा, आणि काड्यांना कापूस गुंडाळून केलेल्या बोळ्यांची बरणी. ते बोळे मी करते. चित्रावरची वरवरची धूळ काढायला सगळ्यात भारी गोष्ट कोणती माहितीये? थुंकी! खरंच, या धंद्यातले भले भले लोक तीच वापरतात. आई बोळा जिभेला लावते, चित्रावर हलकेच फिरवते, टाकून देते, दुसरा घेते. माझी मैत्रीण पहिल्यांदा घरी आली तेव्हा हे बघून तिनं हातातलं बिस्किट हळूच परत बशीत ठेवलं होतं.

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात तोंडातून अवाक्षर काढत नसे. बाईंना काही विचारायचं असलं तर शेजारणीच्या कानात सांगायचे आणि ती विचारायची. मग या वर्षी इतिहासाच्या बाईंनी सगळ्यांना चित्रांत दिसणारी एकेक वस्तू निवडायला लावली आणि तिच्यावर बोला म्हणाल्या. मुलांनी तलवारी घेतल्या, कुत्रे घेतले, एकानं तर नुसती टोपी घेतली. मी फुलपाखरू घेतलं. घरात आईची जाडजूड पुस्तकं पडलेली, सगळी उपसली. ग्रीक लोकांत आत्मा आणि फुलपाखरू यांना एकच शब्द होता. जुन्या डच चित्रांत कवटीशेजारी, सुकत चाललेल्या फुलांवर फुलपाखरू बसलेलं असतं, का, तर सगळं चार दिवसांचं आहे. चिनी चित्रांत मांजर आणि फुलपाखरू एकत्र दिसले की समजायचं, दीर्घायुष्याचा आशीर्वाद. असं धडाधड वीस मिनिटं बोलले. आवाज एकदाही अडखळला नाही! टाळ्या झाल्या. टोपीवाल्यापेक्षा जास्त.

तेव्हापासून माझी जीभ जी सैल सुटली ती सुटलीच. आईनं माझं नाव भोंगा ठेवलं. "भोंग्या, जेवायला ये." "भोंग्या, जरा श्वास घे." मला काही राग येत नसे. पाय जमिनीवर नव्हतेच.

तर अशा दिवसांत, सुट्टीच्या दिवशी सकाळी, बटणआजी चित्र घेऊन आल्या.

बटणआजींना आमच्या भागात ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. तीन गल्ल्या सोडून त्यांचं बटणांचं दुकान. भिंतभर छोटे छोटे खण, आणि आत कोणती बटणं आहेत ते कळावं म्हणून प्रत्येक खणावर एक बटण तारेनं बांधलेलं. माझ्या शाळेच्या शर्टाची बटणं पहिलीपासून तिथलीच. दुकानाच्या वर दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. ती इमारत आता पाडायची ठरलेली. बाकीचे सगळे भाडेकरू सही करून नव्या जागांत गेले. या एकट्या अडून बसलेल्या. लोक म्हणत, म्हातारीला वेड लागलंय.

चादरीत गुंडाळलेलं चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं. "चित्रांच्या डॉक्टरीणबाई आहेत का घरात? पेशंट आणलाय."

आईनं चादर सोडवली, चित्र मागूनपुढून बघितलं, आणि तेवढ्यात आत फोन वाजला. "आलेच मावशी," म्हणून ती गेली, आणि जाता जाता माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवून गेली.

बोट मला दिसलं होतं. खोटं कशाला बोलू?

चित्रात लाकडी बाकावर दोन बहिणी बसलेल्या. वॉर्निश पिवळं पडून सगळं चहात बुडवल्यासारखं दिसत होतं. धाकटीचे गाल फुगलेले. थोरलीच्या अंगात हिरवा झगा, ओठ दाबून हसू आवरलेलं. आणि तिच्या डाव्या खांद्यावर, पंख मिटायच्या बेतात असलेलं, निळसर फुलपाखरू.

"ही फुगलेली मी," आजी म्हणाल्या. "नऊ वर्षांची. ताईनं नेमका तेव्हाच चिमटा काढला, आणि त्या मेल्या चित्रकारानं तोंड तसंच्या तसं उतरवलं."

"आणि या ताई? कुठे असतात आता?"

"ते कुठे माहीत आहे? चित्र झालं आणि पुढच्याच वर्षी घर सोडून गेली. बाबांशी कडाक्याचं भांडण झालं होतं. बाबा म्हणाले तिथे लग्न करायचं नव्हतं तिला." त्यांनी पदराच्या टोकानं चौकटीवरची धूळ पुसली. "जिन्यात मला म्हणाली, 'तू कुठे हलू नकोस हं. मी येते.' म्हणून मी आपली हललेच नाही. चौपन्न वर्षं झाली." आणि हसल्या. "शहाणी आहे ना मी?"

तेव्हा मला कळलं की त्या सही का करत नाहीत. ताई आली तर ती तेच दार शोधत येणार.

आता कुठल्याही माणसानं इथे गप्प बसावं. पण माझ्या पोटात ती वीस मिनिटं अजून उड्या मारत होती, आणि समोर चक्क फुलपाखरू!

"आजी, तुम्हाला एक गंमत माहितीये? जुन्या चित्रांत माणसाच्या अंगावर, हातावर फुलपाखरू दाखवलेलं असलं ना, की पुष्कळदा ते माणूस आधीच गेलेलं असायचं. आईवडील आपल्या गेलेल्या मुलांची चित्रं काढून घ्यायचे, घरच्यांबरोबर बसलेली, अगदी जिवंत असल्यासारखी. मग बघणाऱ्याला कळावं म्हणून चित्रकार जवळ फुलपाखरू काढायचा. आत्मा म्हणून."

गंमत म्हणाले मी. गंमत!

 आजी चित्राच्या जवळ गेल्या, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"पण ती माझ्या शेजारी बसली होती," त्या हळूच म्हणाल्या. "सांगते ना, चिमटा काढला होता."

"हो हो, म्हणजे प्रत्येक वेळी तसं नसतं, पुष्कळदा नुसतं शोभेलाही..." मी सारवासारव करायला लागले.

आई आली. तिला आमची तोंडं बघूनच समजलं. आजींनी तिला एवढंच विचारलं, "डॉक्टरीणबाई, हे फुलपाखरू चित्राबरोबरचं आहे, की कोणी मागाहून काढलंय? ते कळतं का तुम्हाला?"

"कळतं. पण वेळ लागेल. ठेवून जा, मी दोन दिवसांत..."

"मी बसते इथे."

 आईनं भर सकाळी पडदे ओढले, खोली अंधारी केली आणि जांभळा दिवा लावला. हा दिवा मला एरवी फार आवडतो. त्याच्या उजेडात जुनं वॉर्निश हिरवट चमकतं, तळ्याच्या पाण्यासारखं, आणि वॉर्निशच्या वर नंतर कोणी रंग लावला असेल तर तो काळा दिसतो. एका पाहुण्याच्या चित्रातली अख्खी मिशी अशी काळी निघाली होती, तेव्हा आम्ही दोघी हसून बेजार झालो होतो.

दोन्ही बहिणी हिरवट उजळल्या. फुलपाखरू काळंकुट्ट दिसलं.

मग भिंग. आई बराच वेळ वाकून बघत राहिली. आमच्या आईची एक गोष्ट आहे, ती पेशंटच्या नातेवाइकांना खोटं सांगत नाही.

"मागाहून काढलंय, मावशी. चित्र वाळलं, वॉर्निश झालं, त्यावर धूळ बसली, भेगा पडायला लागल्या, आणि मग हे काढलं. याचा रंग भेगांत उतरलाय. पाच-दहा वर्षं तरी मधे गेली असतील."

आजींनी बोटांवर हिशेब केला. "मी सतराची असताना बाबा हे चित्र घेऊन गेले होते. चौकट बदलतो म्हणाले. महिन्यानं परत आणलं, तर चौकट तीच. मी म्हटलं, बाबा, ही तर जुनीच आहे! तर म्हणाले, पॉलिश करून घेतलंय."

"आणि फुलपाखरू नाही दिसलं?" हे मीच विचारलं. मेलं तोंड!

"सतराव्या वर्षी भिंतीकडे कोण बघतं गं? पुढे कधीतरी दिसलं. वाटलं, असेल पहिल्यापासूनच." त्या उठल्या. "जेवताना बाबा नेहमी चित्राकडे तोंड करून बसायचे. मी पाठ करून."

चादर तिथेच टाकून त्या गेल्या.

आईनं आवाज चढवून माझा उद्धार केला असता तर बरं झालं असतं. तिनं पडदे उघडले, दिवा बंद केला आणि म्हणाली, "आपण चित्राची अवस्था सांगतो. अर्थ सांगत नाही. का, ते आता तुला सांगायला नको."

त्यानंतर चार दिवस घरात भोंगा वाजला नाही. मी भाराभर बोळे केले. एवढे, की आई म्हणाली, यात आता उशी होईल. शाळेतही बाई विचारायला लागल्या, बरं नाही का. मला सारखं वाटत होतं, चौपन्न वर्षं त्या बाई वरच्या खोलीत जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसल्या, आणि मी एका सकाळी, टाळ्या मिळाल्यासारखा चेहरा करून, त्यांची ताई मारून टाकली.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वही घेऊन दुकानात गेले. आजी गल्ल्यापाशी बसून एका डब्यातली मिसळलेली बटणं निवडत होत्या.

"ये. शर्टाचं तुटलं का?"

"नाही. मी त्या दिवशी सगळं सांगितलं नव्हतं. फुलपाखराचे अजून पुष्कळ अर्थ असतात." आणि मी उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली. मांजर आणि दीर्घायुष्य. फुलपाखरांची जोडी म्हणजे सुखी संसार. अळी, कोष, फुलपाखरू, म्हणजे नवा जन्म. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला.

"मला बरं वाटावं म्हणून वाचतेयस ना?"

"हो."

"मग ठेव ती वही. आणि बस, चहा टाकते."

चहा त्यांनी दुकानातच, खणांच्या मागच्या छोट्या शेगडीवर केला. मग पेल्याकडे बघत म्हणाल्या, "मी चार दिवस एकच विचार करतेय. बाबांना काही खबर लागली होती आणि त्यांनी मला सांगितलं नाही? की रागानं फुलपाखरू काढून घेतलं, आमच्यापुरती ती मेली म्हणून? तुला काय वाटतं? तू एवढं वाचलंयस."

मला काय वाटतं हे कोणी विचारावं म्हणून मी त्या भाषणापासून टपून बसलेली असायची. आणि आता विचारलं तर...

"मला माहीत नाही, आजी."

"हं," त्या म्हणाल्या. "हे बरं बोललीस."

"आई अजून बघतेय चित्र. येता का? अर्थ नाही सांगणार ती, पण जे दिसलंय ते सांगेल."

त्यांनी फळी लावली आणि आम्ही निघालो. वाटेत त्या मला ताईबद्दल सांगत होत्या. ताई शीळ घालायची. ताईला पोहता येत नव्हतं तरी येतं म्हणून सांगायची. ताई आजींची वेणी इतकी घट्ट घालायची की भुवया वर चढायच्या. "चौपन्न वर्षांत डोक्याला तसा हिसका कोणी दिला नाही बघ," त्या म्हणाल्या, आणि मला हसावं की काय करावं ते कळेना.

आईनं चित्राची डावी बाजू साफ केली होती. धाकटीच्या फुगलेल्या गालांवर चक्क गुलाबी रंग आला होता.

"काय बाई नकटी होते मी," आजी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फुलपाखराचं सांगा."

आईनं त्यांना भिंगापाशी बसवलं. "मला दिसतं तेवढं सांगते. हात चांगल्या चित्रकाराचा आहे. घाई केलेली नाही. फुलपाखराच्या मिशांना एका केसाचा कुंचला वापरलाय. उजेड खिडकीकडून येतोय, तर फुलपाखराची सावली बरोबर दुसऱ्या बाजूला, झग्याच्या चुणीत मोडलेली, अशी काढलीय. हे काढून घेणारं माणूस शेजारी बसून सांगत असेल तरच चित्रकार एवढा जीव ओततो." ती थांबली. "आणि अजून एक. मूळ रंगाला त्यानं हात लावलेला नाही. वॉर्निश खरवडून आत काढता आलं असतं, ते कायमचं बसलं असतं. यानं वरच्या वर काढलंय. वॉर्निश निघालं की हेही निघून येईल. खालचा खांदा जसाच्या तसा आहे."

"म्हणजे पुसता येईल असं काढलंय?"

"हो."

"मुद्दाम?"

"ते मी नाही सांगू शकत, मावशी. चित्रकाराला जुनं काम बिघडवायचं नसेल. एवढंच असू शकतं."

आजी भिंगावरून उठल्याच नाहीत. मी दाराला टेकून उभी होते आणि, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, तोंड मिटून होते.

"बाबांनाही नक्की माहीत नव्हतं तर," शेवटी त्या म्हणाल्या. "माहीत असतं तर कायमचं काढून घेतलं असतं. ते तसेच होते. खिळा ठोकायचा तर भिंतीच्या पलीकडे निघायचा." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "सात वर्षं वाट बघून थकले असतील. म्हणाले असतील, गेली असं धरून चालू. आणि आली, तर पुसून टाकू. आणि मला कसं सांगायचं ते समजेना, म्हणून जेवायच्या टेबलासमोर टांगून ठेवलं. मी त्याच्याकडे पाठ करून जेवले."

आई म्हणाली, "मावशी, ठरवायचं तुम्ही. साफ केलं की ते जाईल. पूर्ण चित्र एकसारखं दिसेल."

"आणि तेवढाच भाग तसाच ठेवला तर?"

"ठेवता येतो. पण डाग दिसेल. पिवळा. लोक विचारतील, हे अर्धवट का सोडलं."

"विचारू देत. ते पुसायचं काम माझं नाही. ताईनं येऊन पुसायचंय ते."

कामाच्या बाबतीत आमची आई कोणाच्या बापाचं ऐकत नाही. एक बोटभर जागा सुटली तरी तिला चैन पडत नाही. पण तिनं मान हलवली, आणि पुढचे तीन आठवडे ती त्या खांद्याच्या भोवतीनं, कडेकडेनं, बोळा फिरवत राहिली. हिरवा झगा असा काही उजळला की बघत राहावं. खांद्यावर मात्र तळहाताएवढं जुनं पिवळं आभाळ, आणि त्यात ते बसलेलं.

आजींनी सही केली. लोक म्हणाले, सुटली बाई एकदाची हट्टातून. मला माहीत आहे, तसं काही नव्हतं.

नवी जागा चौथ्या मजल्यावर होती. चित्र आम्ही दोघींनी नेलं, आणि जेवायच्या टेबलाची खुर्ची त्यांनी आधी फिरवून घेतली, मगच तिच्यासमोर खिळ्याची जागा दाखवली. आई खिळा ठोकत असताना त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"तुझं अक्षर मोठं आहे का?"

"आवाजापेक्षा थोडं लहान."

त्या खुदकन हसल्या. "चल मग. दुकानाच्या दारावर एक कागद लावायचाय. लांबून दिसला पाहिजे. ताईचे डोळेही आता माझ्यासारखेच झाले असतील."

मी म्हणणार होते की ते दार महिन्याभरात पाडणार आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला सगळं कळतं गं," त्या म्हणाल्या. "तरी."

रिकाम्या दुकानात खणांच्या जागी भिंतीवर नुसते चौकोन उरले होते. मी जमिनीवर कागद पसरला, जाड काळं पेन उघडलं आणि ओणवी बसले. त्या उभ्या राहून सांगत गेल्या, मी लिहीत गेले. एक शब्द माझ्या पदरचा घातला नाही.

"ताई. मला हलावं लागलं. रागावू नकोस." मग पत्ता सांगितला, इमारतीचा रंग सांगितला, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानाची खूण सांगितली. मी विचारलं, झालं?

"थांब. खाली अजून लिही. चौथा मजला. सावकाश चढ. बेल वाजत नाही, दार जोरात ठोक."